क्षपण होणे: भात खाचरातील एका शब्दाचा अर्थ आणि वापर

भात लागवडीच्या प्रशिक्षणात, खताच्या माहितीपत्रकात किंवा मृदाशास्त्राच्या पुस्तकात 'क्षपण' हा शब्द आला की बहुतेक जण तो वाचून पुढे जातात. इंग्रजीत यासाठी 'रिड्यूस' हे क्रियापद आहे आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. रोजच्या बोलण्यात रिड्यूस म्हणजे कमी करणे. त्यामुळे 'रिड्यूस्ड सॉइल' याचे भाषांतर 'कस कमी झालेली माती' असे होऊ शकते आणि 'रिड्यूस्ड आयर्न' याचे 'घटलेले लोह'. दोन्ही चूक आहेत. दुसरे तर अगदी उलटे आहे, कारण खाचरातल्या मातीत लोहाचे क्षपण होते तेव्हा पिकाला मिळणारे लोह वाढते, कधी कधी त्रास होईल इतके वाढते.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक भात आहे. पावसाळ्यात खाचरात तीन-साडेतीन महिने पाणी असते. म्हणजे हा शब्द ज्या क्रियेचे नाव आहे, ती क्रिया तुमच्या शेतात दरवर्षी जुलैपासून सप्टेंबरपर्यंत रात्रंदिवस चालू असते. युरिया कुठे जातो, मुळे काळी का पडतात, स्फुरद टाकूनही भातात फरक का दिसत नाही आणि मागाहून घेतलेल्या वालाला मात्र तो का कमी पडतो, या चारही प्रश्नांची उत्तरे या एका क्रियापदाशी जोडलेली आहेत.

शब्दाचा नेमका अर्थ

रसायनशास्त्रात एखाद्या अणूने किंवा रेणूने इलेक्ट्रॉन घेतला की त्याचे क्षपण झाले असे म्हणतात. इलेक्ट्रॉन दिला की ऑक्सिडीकरण झाले. देणारा असल्याशिवाय घेणारा असू शकत नाही, त्यामुळे या दोन क्रिया नेहमी जोडीने होतात. दहावीच्या विज्ञानात या जोडीला 'रेडॉक्स' म्हणतात. पूर्वी व्याख्या याहून साधी होती: ऑक्सिजन निघून गेला की क्षपण, ऑक्सिजन जोडला गेला की ऑक्सिडीकरण. लोखंड गंजते ते ऑक्सिडीकरण आणि लोहखनिजातून भट्टीत लोखंड काढतात ते क्षपण. शेतीपुरती ही जुनी व्याख्याही पुष्कळदा चालते.

मग 'कमी होणे' हा अर्थ आला कुठून? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मागे नेणे' असा आहे. खनिजाला पुन्हा धातूच्या रूपात नेणे, या अर्थाने धातुकामात तो रुळला. आजच्या अर्थात कमी होतो तो फक्त भार. मातीतल्या गंजासारख्या तांबड्या लोहावर तीन धन भार असतात, त्याला फेरिक म्हणतात. त्याने एक इलेक्ट्रॉन घेतला की दोन धन भार उरतात, त्याला फेरस म्हणतात. तीनाचे दोन झाले, एवढीच काय ती घट. लोहाचा एक कणही कमी झालेला नसतो. फरक पडतो तो वागण्यात: फेरिक लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, फेरस सहज विरघळते आणि मुळांपर्यंत पोहोचते.

पाणी भरल्यावर खाचरात काय घडते

चिखलणी होऊन पाणी उभे राहिले की मातीच्या छिद्रांतली हवा बाहेर पडते. पाण्यातून ऑक्सिजन खाली उतरतो, पण फारच सावकाश. मातीतले जिवाणू मात्र थांबत नाहीत. शेणखत, मुळांचे अवशेष, गाडलेला पाला हे त्यांचे अन्न. अन्न कुजवताना जे इलेक्ट्रॉन मोकळे होतात, ते कुणाच्या तरी गळ्यात घालावे लागतात. ऑक्सिजन असेल तर तो घेतो. तो संपला की जिवाणू दुसरा घेणारा शोधतात.

हा शोध वाटेल तसा नसतो, त्याला क्रम असतो. डोंबिवलीच्या फलाटावर माणूस आधी फास्ट बघतो, ती नसेल तर स्लो, आणि दोन्ही बंद असतील तर नाइलाजाने रस्त्याने निघतो, तसेच हे. पाणी भरल्यावर ऑक्सिजन साधारण एक-दोन दिवसांत संपतो. मग पाळी येते नायट्रेटची, तो काही दिवसांत जातो. त्यानंतर मँगेनीज, मग लोह. लोहाचा साठा मोठा असल्याने त्याचे क्षपण काही आठवडे चालते. त्यापुढे सल्फेट, आणि सर्वांत शेवटी कार्बन डायऑक्साइड, ज्यापासून मिथेन तयार होतो. चिखलात पाय रोवला की बुडबुडे वर येतात, त्यात हा वायू असतो. पाण्याखालच्या मातीच्या या रसायनशास्त्राची नीट मांडणी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील श्रीलंकेचे शास्त्रज्ञ पोन्नमपेरुमा यांनी केली. त्यांचा १९७२ सालचा प्रदीर्घ लेख आजही भाताच्या मृदाशास्त्रात आधार मानला जातो.

खाचरातली सगळी माती मात्र क्षपित होत नाही. वरचा अगदी पातळ थर, काही मिलिमीटर ते फार तर एक सेंटिमीटर, पाण्यातून येणाऱ्या ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकृत राहतो. त्याच्या खाली क्षपित थर. हे दोन थर एकावर एक असणे हीच भाताच्या खत व्यवस्थापनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

ते डोळ्यांनी पाहता येते. एका पारदर्शक बाटलीत तुमच्या शेतातली तांबूस माती अर्धी भरा, मूठभर बारीक केलेला हिरवा पाला किंवा चमचाभर साखर मिसळा, वर चार बोटे पाणी घाला आणि बाटली उघडी ठेवून सावलीत ठेवा. एक-दोन आठवड्यांत खालची माती करडी, निळसर होत जाते आणि पृष्ठभागाशी मात्र तपकिरी रेघ टिकून राहते. करडी माती म्हणजे फेरस लोह, तपकिरी रेघ म्हणजे फेरिक. शेतीशाळेत ही बाटली ठेवावी. फळ्यावर तासभर समजावण्यापेक्षा ती जास्त काम करते.

युरियाचा हिशेब

आता पैशाचा प्रश्न. उभ्या पाण्यात युरिया फेकला की दोन-चार दिवसांत त्याचे अमोनियममध्ये रूपांतर होते. पाण्यात शेवाळ असेल तर दिवसा पाण्याचा सामू वाढतो आणि काही अमोनिया वायूरूपाने उडून जातो. यात क्षपणाचा संबंध नाही. जोराच्या सरीत बांधावरून पाणी वाहिले तर त्याबरोबर जाणारा युरियाही वेगळा. सगळा तोटा एकाच कारणावर ढकलू नये.

उरलेले अमोनियम वरच्या पातळ, ऑक्सिजन असलेल्या थरात बसते. तिथले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. हे ऑक्सिडीकरण, याला नायट्रीकरण म्हणतात. अमोनियम धन भाराचे असल्याने मातीच्या कणांना चिकटून राहते. नायट्रेट ऋण भाराचे, ते चिकटत नाही. पाण्याबरोबर ते खालच्या क्षपित थरात उतरते. तिथे ऑक्सिजनची वाट पाहणारे जिवाणू टपलेले असतातच. ते नायट्रेटचे क्षपण करून नायट्रोजन वायू बनवतात आणि तो बुडबुड्यांतून हवेत जातो. याला विनायट्रीकरण म्हणतात. तुम्ही पैसे देऊन आणलेला नत्र जिथून कारखान्याने घेतला होता, त्या हवेतच परत गेला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नायट्रेटमधला नायट्रोजन पूर्ण ऑक्सिडीकृत असतो, म्हणून त्याचे क्षपण होऊ शकते. अमोनियममधला नायट्रोजन आधीच पूर्ण क्षपित असतो. जे आधीच क्षपित आहे त्याचे आणखी क्षपण होत नाही. म्हणजे अमोनियम जर सुरुवातीपासूनच क्षपित थरात ठेवले, तर त्याचे नायट्रेट व्हायला तिथे ऑक्सिजन नाही आणि वायू होऊन उडायला त्याला वाट नाही. जो थर नायट्रेटचा शत्रू, तोच अमोनियमची तिजोरी.

कोकणात गाजलेल्या चारसूत्री भात लागवडीमागे हेच तत्त्व आहे. ही पद्धत डॉ. एन. के. सावंत यांनी मांडली. त्यांनी आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात युरियाच्या गोळ्यांवर काम केले होते. चार सूत्रे अशी: भाताचे तूस व पेंढा यांचा फेरवापर, गिरीपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट. आपल्या विषयाचे सूत्र चौथे, पण तिसऱ्याशिवाय ते जमत नाही.

लावणी १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर, दोन्ही बाजूंनी, दोरी धरून करतात. त्यामुळे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात, लावणीच्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. आकडेमोड सोपी आहे. एका चौकोनाच्या वाट्याला ४० बाय ४० सेंटिमीटर जागा येते, म्हणून हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे सुमारे १७० किलो. गुंठ्याला साधारण ६३० ब्रिकेट, वजनाने पावणेदोन किलोच्या आत. युरिया ६० टक्के आणि डीएपी ४० टक्के या प्रमाणातल्या ब्रिकेटमधून हेक्टरी साठ किलोच्या जरा आत नत्र आणि तीस किलोच्या आसपास स्फुरद मिळतो. पसरून द्यायच्या नेहमीच्या शिफारशीपेक्षा हा नत्र बराच कमी आहे, तरी पीक मागे पडत नाही. क्षपित थरातून गळती कमी, हे त्याचे कारण.

खोली सांभाळणे हा यातला कळीचा मुद्दा आहे. ब्रिकेट दोन-तीन सेंटिमीटरवरच राहिली किंवा खोचल्यावर भोक चिखलाने बुजले नाही, तर ती वरच्या थराच्या नियमाने वागते आणि सगळी मेहनत पसरलेल्या युरियाइतकीच होते. मजूर घाईत असले की असेच होते, म्हणून पहिल्या दोन-तीन ओळी स्वतः खोचून दाखवाव्यात. डोंगरउतारावरच्या ज्या हलक्या खाचरांत पाणी ठरत नाही, सारखे झिरपून जाते, तिथे ही पद्धत तितकी लाभत नाही. तिथे क्षपित थरच धड तयार होत नाही आणि अमोनियमही पाण्याबरोबर खाली जाऊ शकते.

ब्रिकेट मिळाल्या नाहीत तर? युरिया हप्त्यांनी द्या, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यात भर एवढीच: हप्ता देताना शेतात पाणी नको, पण चिखल ओला हवा. पाण्याचे तोंड मोकळे करून पाणी उतरू द्यावे, युरिया द्यावा, शक्य तिथे कोळप्याने किंवा हाताने चिखलात मिसळावा आणि मग पाणी बांधावे. वर चढणाऱ्या पाण्याबरोबर युरिया मातीत खाली जातो. जुलैच्या झडीत हे जमत नाही हे खरे. पावसाची उघडीप मिळेपर्यंत दोन-चार दिवस थांबणे परवडते, भरल्या पाण्यात टाकणे परवडत नाही.

नायट्रेट असलेली खते उभ्या पाण्याच्या भाताला सुरुवातीला देऊ नयेत. कॅल्शियम अमोनियम नायट्रेटमधला निम्मा नत्र नायट्रेट रूपात असतो. १५:१५:१५ प्रकारचे मिश्र खत नायट्रोफॉस्फेट असेल, तर गोणीवर अमोनियम रूपातला आणि नायट्रेट रूपातला नत्र वेगवेगळा छापलेला असतो, तो वाचून घ्यावा. हेच खत भेंडीला किंवा काकडीला उत्तम आहे. दोष खताचा नाही, पाण्याचा आहे.

आणखी एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा. ऑगस्टमध्ये पावसाने दहा-पंधरा दिवस ताण दिला, खाचराला भेगा पडल्या, की हवा आत शिरते आणि साठलेल्या अमोनियमचे नायट्रेट होते. पुढच्या मोठ्या पावसात पाणी भरले की तो नायट्रेट वायू होऊन जातो. असा ताण पडून गेल्यावर भात पिवळट दिसू लागला तर रोगाचे औषध शोधण्याआधी नत्राचा राहिलेला हप्ता द्यावा.

लोह, काळी मुळे आणि पाण्यावरचा तवंग

लोहाच्या क्षपणाचे फायदे-तोटे दोन्ही आहेत. फायदा स्फुरदाचा. आपल्या किंचित आम्ल, तांबूस जमिनीत फेरिक लोह स्फुरदाला घट्ट धरून ठेवते. त्या लोहाचेच क्षपण झाले की पकड सुटते आणि स्फुरद पिकाला मोकळा होतो. शिवाय पाण्याखाली आम्ल जमिनीचा सामू वर सरकतो, विम्ल जमिनीचा खाली येतो आणि दोन्ही उदासीनच्या जवळ येऊन थांबतात.

तोटा होतो तो टेकडीच्या पायथ्याच्या, सतत पाझर लागणाऱ्या खाचरांत. तिथे विरघळलेले लोह बाहेर पडायला वाव नसतो. खालच्या पानांवर टोकाकडून सुरू होणारे बारीक तपकिरी ठिपके, पुढे सगळे पान तांबूस, फुटवे कमी. जस्ताच्या कमतरतेतही लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत तपकिरी डाग येतात, त्यामुळे गोंधळ होतो. पानावरून ठरवू नका, रोप उपटून मुळे धुऊन बघा.

भाताचे मूळ हे एक नवल आहे. पानातून घेतलेली हवा ते आतल्या पोकळीतून खाली नेते आणि मुळाभोवती थोडा ऑक्सिजन सोडते. त्यामुळे जवळ आलेल्या फेरस लोहाचे पुन्हा फेरिक होते आणि मुळावर गंजासारखा लेप बसतो. म्हणून तांबूस-तपकिरी मुळे आणि पांढरी नवी टोके हे तब्येत ठीक असल्याचे लक्षण आहे. लेप फार जाड, मूळ आखूड आणि पांढरी टोके नाहीत, तर लोहाचा त्रास. मुळे काळी आणि हाताला कुजलेल्या अंड्यासारखा वास, तर गोष्ट सल्फेटच्या क्षपणापर्यंत गेली आहे. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा आणि काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. कळवा-मुंब्र्याच्या बाजूला खाडीला ओहोटी लागली की जो काळा गाळ उघडा पडतो आणि जो वास येतो, त्यात हेच दोन पदार्थ आहेत. फरक इतकाच की खाडीत सेंद्रिय घाण शहरातून येते आणि शेतात ती अर्धवट कुजलेल्या खतातून.

दोन्ही स्थितींत पहिला उपाय एकच: पाणी काढा. फुटवे भरात येऊन गेल्यावर बांधाचे तोंड मोकळे करून तीन ते पाच दिवस, बारीक केसासारख्या भेगा दिसेपर्यंत, माती उघडी ठेवा. हवा आत गेली की फेरसचे फेरिक होते आणि सल्फाइडचा त्रासही कमी होतो. मोठ्या भेगा पडू देऊ नका, त्याचा नत्राशी असलेला संबंध वर आलाच आहे. पोटरीपासून फुलोरा संपेपर्यंत मात्र पाणी तोडू नये. पुढच्या वर्षासाठी पायथ्याच्या बाजूने चर काढणे आणि पेंढा किंवा पाला लावणीच्या तोंडावर न गाडता आधी गाडणे, हे जास्त टिकाऊ उपाय. भिवंडी आणि ठाण्याच्या खाडीलगतच्या खार जमिनीत समुद्राच्या पाण्यामुळे सल्फेट भरपूर असते. तिथे कच्चे शेणखत टाळून पूर्ण कुजलेलेच वापरावे.

आता तवंगाविषयी. खाचरातल्या किंवा चरातल्या साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी, तेलासारखी चमक दिसते. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा औद्योगिक असल्याने ती दिसली की कारखान्याचे तेल आले अशी शंका पहिल्यांदा येते. शंका बरोबर असू शकते, पण तपासायला काडी पुरते. तवंग काडीने ढवळा. तो काचेसारख्या तुकड्यांत फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले, तर तो लोहाचा आहे: खालून वर आलेल्या फेरसचे हवेत फेरिक झाले आहे. फुटल्यावर लगेच पुन्हा एकत्र वाहून आला, तर ते तेल आहे. मग पाणी बांधाआड रोखा, जागा आणि वेळ लिहून ठेवा, नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि तक्रार करा. लोहाच्या तवंगावर तक्रार केली तर खऱ्या तेलाच्या दिवशी कुणी लक्ष देत नाही.

शब्द कसा वापरावा

कृषी सहायकांसाठी हा भाग जरा जास्त कामाचा आहे. 'क्षपण होणे' हे ज्याचे रूप बदलते त्याच्याबाबत वापरतात आणि 'क्षपण करणे' हे ते घडवून आणणाऱ्याबाबत. 'जिवाणू नायट्रेटचे क्षपण करतात', 'लोहाचे क्षपण झाले', 'खालचा थर क्षपित आहे' ही वाक्ये बरोबर आहेत. जो पदार्थ दुसऱ्याचे क्षपण करतो तो क्षपणक, आणि तसे करताना त्याचे स्वतःचे ऑक्सिडीकरण होते.

'खताचे क्षपण झाले' हे वाक्य मात्र अपुरे आहे. कुठल्या खताच्या कुठल्या भागाचे, ते सांगायला हवे. पालाशचे क्षपण खाचरात होत नाही. जस्ताचेही होत नाही. पाणी भरल्यावर जस्त कमी मिळते हे खरे, पण त्याचे कारण सामूतला बदल आणि इतर पदार्थांशी बांधले जाणे हे आहे. स्फुरदाचेही क्षपण होत नाही, त्याला धरून बसलेल्या लोहाचे होते. हा फरक शब्दांचा वाटतो, पण सल्ला त्यावरून ठरतो: नायट्रेटला पर्याय म्हणून खताचे रूप बदलायचे, लोहाला पाणी काढायचे आणि जस्ताला माती परीक्षणानुसार झिंक सल्फेट द्यायचे.

उच्चारात जवळचे दोन शब्दही सांभाळा. 'क्षरण' म्हणजे धातू गंजणे, ते तर ऑक्सिडीकरण आहे, म्हणजे नेमके उलटे. 'क्षारता' म्हणजे मातीतले मिठाचे प्रमाण, त्याचा याच्याशी संबंधच नाही. खार जमिनीच्या अहवालात हे शब्द एकाच पानावर येतात तेव्हा वाचणाऱ्याची तारांबळ उडते.

बोलताना शेतकऱ्याला 'क्षपित अवस्था' सांगायची गरज नाही. 'पाण्याखाली माती कोंडली आहे' म्हटले की कळते. पण लिहिताना, विशेषतः अहवालात, 'क्षपित' हाच शब्द लिहावा. 'रिड्यूस्ड'चे 'कमी झालेली' असे यांत्रिक भाषांतर आलेले माहितीपत्रक हाती पडले तर ते वाटण्याआधी दुरुस्त करावे. 'कमी झालेला थर' वाचून कुणी त्या थरासाठी आणखी गोणीभर खत टाकले, तर तो खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

पाणी उतरल्यावर

कापणीआधी दहा-एक दिवस पाणी काढले की सगळे उलट्या दिशेने सुरू होते. हवा आत शिरते, करडी माती पुन्हा तांबूस होते, अमोनियमचे नायट्रेट व्हायला लागते. हा नायट्रेट आता वायू होऊन जात नाही, कारण पाणी नाही. वाल, हरभरा, काकडी, भेंडी यांना तो मिळतो. पण लोहाचेही पुन्हा फेरिक होते, तेही ताजे, बारीक कणांचे, आणि ते मोकळ्या झालेल्या स्फुरदाला पूर्वीपेक्षा जोरात पकडते. म्हणून भाताला स्फुरदाचा फरक जाणवला नाही, तरी त्याच शेतात मागाहून घेतलेल्या कडधान्याचा किंवा भाजीचा स्फुरद वगळू नये. तो पेरणीच्या वेळी बियाण्याच्या ओळीत, जरा खाली आणि बाजूला द्यावा. फोकून दिलेला लोहाच्या हाती लागतो.

माती परीक्षणाचा नमुनाही याच काळात घेतला जातो, आणि प्रयोगशाळेत तो सुकवून, म्हणजे ऑक्सिडीकृत करून, तपासला जातो. त्यात दिसणारा स्फुरद आणि लोहाचा आकडा रब्बी पिकाला जवळचा असतो, जुलैतल्या खाचराला नाही. पत्रिकेवर स्फुरद कमी दिसला तर भाताला शिफारशीइतकाच द्यावा, दुप्पट करू नये. लोह मध्यम दिसले तरी पायथ्याच्या खाचरात लोहाचा त्रास होऊ शकतो हे गृहीत धरावे. नमुन्याच्या चिठ्ठीवर खाचराचा प्रकार, पाणी किती महिने उभे होते आणि कापणीनंतर किती दिवसांनी माती घेतली, हे तीन तपशील लिहून द्या. पत्रिकेतल्या आकड्यांचा अर्थ लावताना ते उपयोगी पडतात.